ताटी बंद असेल तर



आजचं वाचन : मुक्ताईचे ताटीचे अभंग, आणि सोबत गीतेचा पहिला अध्याय.

आजचा प्रश्न : घरातल्या माणसाने स्वतःला आत कोंडून घेतलं, तर त्याला एकटं सोडणं हा त्याचा मान राखणं असतं, की आपली सोय?

गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. ज्ञानेश्वर माऊली माधुकरी मागायला बाहेर पडले. वाटेत कुणीतरी अपमान केला. संन्याशाची पोरं म्हणून हिणवणं या भावंडांना नवीन नव्हतं. आईवडील समाजाच्या निवाड्यापायी गेलेले, चार लहान मुलं मागे राहिलेली, आणि वर रोजची ही बोलणी. त्या दिवशी मात्र माऊलींच्या मनाला फारच लागलं. ते घरी आले, झोपडीची ताटी लावून घेतली आणि आत बसले. मग धाकटी मुक्ताई ताटीबाहेर उभी राहिली आणि दार उघडा म्हणून विनवू लागली. त्या विनवणीचे अभंग म्हणजे ताटीचे अभंग.

मी ही गोष्ट लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलोय. तेव्हा सगळं लक्ष मुक्ताईच्या शब्दांकडे असायचं. या वेळी वाचताना मी बराच वेळ आधीच्याच भागावर थांबलो. माऊलींनी ताटी लावली. ज्यांनी पुढे विश्वासाठी पसायदान मागितलं, त्यांनाही एक दिवस माणसं नको झाली. आणि परंपरेने ही गोष्ट लपवली नाही. सातशे वर्षं आपण ती प्रेमाने गातोय. श्रद्धा असली की मन दुखतच नाही, असं आपल्या संतांना म्हणायचं असतं, तर ही गोष्ट त्यांनी केव्हाच गाळून टाकली असती.

श्रद्धा कमी पडली का?

आपल्या सत्संगांमध्ये, फॅमिली ग्रुपवर एक वाक्य फार सहज येतं. कुणी म्हणालं की झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, सारखं रडू येतं, तर उत्तर तयार असतं : नामस्मरण वाढव. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडतं? "तुझं नामस्मरण कमी पडलं." आधीच खचलेल्या माणसावर आणखी एक ओझं. आता तो नुसता दुःखी नाही, तो कमी पडलेला भक्तही झाला.

म्हणून आज गीतेचा पहिला अध्याय सोबत घेतलाय. अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. अर्जुन स्वतःच्या शरीराचं जे वर्णन करतो ते नीट वाचा : हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, अंगावर काटा आला, हातातलं गांडीव निसटतंय, त्वचा जळतेय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. ज्यांना कधी पॅनिक अटॅक आलाय त्यांना ही यादी समजावून सांगावी लागणार नाही. अर्जुनाला कुठला आजार होता असं मला म्हणायचं नाही, तो अधिकारही माझा नाही. मला एवढंच दिसतं की प्रत्यक्ष भगवंत रथावर बसलेले असताना माणसाचं मन असं कोसळू शकतं. सोबत देव आहे म्हणून विषाद येणारच नाही, असं गीता कुठेही म्हणत नाही. उलट त्या विषादालाही गीतेने योग म्हटलंय.

आता श्रीकृष्ण काय करतात ते बघा. पहिल्या अध्यायात ते जवळजवळ गप्प आहेत. रथ दोन सैन्यांच्या मध्ये उभा करून एक छोटं वाक्य बोलतात, बस. पुढे अर्जुन बोलत राहतो आणि ते ऐकत राहतात. एकदाही मध्ये तोडत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला मात्र ते दोन श्लोकांत अर्जुनाला चांगलंच सुनावतात : हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ. आपल्या भाषेत सांगायचं तर, "अरे, एवढं काय त्यात, सावर स्वतःला!"

आणि याचा परिणाम काय होतो? काही नाही. अर्जुन उठत नाही. तो पुन्हा आपलं दुःख सांगतो, मला काही कळेनासं झालंय, मला शिकव म्हणतो, आणि लढणार नाही म्हणून गप्प बसतो. खरी शिकवण त्यानंतर सुरू होते, आणि ती अठराव्या अध्यायापर्यंत चालते. प्रत्यक्ष श्रीकृष्णांनी सांगूनही "सावर स्वतःला" दोन श्लोकांत लागू पडलं नाही. मग आपण ते कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत पाठवावं आणि त्याने उद्या सकाळी बरं व्हावं, ही अपेक्षा थोडी जास्तच नाही का?

एकांत आणि एकटेपण

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं : माणसाला दार लावून बसायचा हक्क नाही का? सारखं काय झालं, काय झालं म्हणून मागे लागणं हाही एक त्रासच आहे. आपल्याकडच्या एकत्र घरांत तर स्वतःची खोली मिळणं हीच चैन. आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने एकांतात राहावं असंच सांगितलंय.

खरं आहे. म्हणून एकांत आणि एकटेपण यांतला फरक कळला पाहिजे. मला तो आपल्या नाशिकच्याच एका जागेवरून कळला.

टाकळीला गेला असाल. नासर्डी आणि गोदावरीचा संगम, समर्थांनी स्थापन केलेला गोमयाचा मारुती. समर्थ रामदासांनी इथे बारा वर्षं तपश्चर्या केली, १६२० ते १६३२. करुणाष्टकं याच काळाशी जोडली जातात, आणि ती वाचताना जाणवतं की हा तरुण आतून किती पोळलेला होता. नंतर ज्याने मनालाच समजावत २०५ श्लोक रचले, त्याने आधी स्वतःच्या मनाची तळमळ अशी उघडी करून ठेवली होती.

पण परंपरागत चरित्रांत त्यांचा दिवस कसा जायचा तेही सांगितलंय. पहाटेपासून नदीच्या पाण्यात उभं राहून जप. मग माधुकरीसाठी पंचवटीत जाणं. मग ग्रंथांचं वाचन, श्रवण. माधुकरीवर माझं लक्ष थांबलं. बारा वर्षांचा एकांत, पण रोज एकदा कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. रोज कुणीतरी त्यांचा चेहरा बघायचं. एखाद्या दिवशी हा मुलगा आला नसता, तर पंचवटीतल्या एखाद्या माऊलीने नक्की विचारलं असतं, आज तो दिसला नाही गं?

हा मला एकांत वाटतो. एकांतात जाणारा परतायची वाट मोकळी ठेवतो, आणि परत येतो तेव्हा थोडा अधिक भरलेला असतो. एकटेपणात वाट हळूहळू बुजत जाते. माणूस आधी मित्रांचे फोन घेणं सोडतो, मग जेवायला बाहेर येणं, मग अंघोळ, मग आवडीचं गाणंसुद्धा. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे दार बंदच असतं. म्हणून बघायचं ते दाराकडे नाही, दिवसांकडे.

डॉक्टर मंडळीही दिवसच मोजतात. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं हे जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त टिकलं आणि त्यासोबत झोप, भूक, लक्ष, ताकद बिघडली, तर तो नुसता मूड नसतो. डिप्रेशनची ही साधी खूण प्रत्येक घराला माहीत असावी. आणि हे काही लाखांत एखाद्याला होणारं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून थोडी जास्त माणसं त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराने त्रासलेली आढळली, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळालेले नव्हते. तुमच्या वीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरासरी दोघं. ते रोज गुड मॉर्निंगला हात जोडलेला इमोजी टाकत असतील, कुणी सांगावं.

मुक्ताईने नेमकं काय केलं?

आता ताटीपाशी परत येऊ. मुक्ताईपुढे दोन सोपे मार्ग होते. एक, ताटी ढकलून आत शिरणं. कुडाची ताटी ती, मोडायला किती वेळ लागणार? दुसरा, "त्यांना एकटं राहू द्या, शांत झाले की येतील बाहेर" म्हणून आपल्या कामाला लागणं. तिने दोन्ही केलं नाही. ती बाहेर थांबली आणि बोलत राहिली. दार आतून उघडायचं होतं, आणि ते उघडण्याचा मान तिने भावाकडेच ठेवला.

एक अभंग म्हणून ती थांबली नाही हेही बघा. एकामागून एक अभंग आहेत. म्हणजे पहिल्या हाकेला दार उघडलं नाही, दुसऱ्याही नाही.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला त्याला पिंग करतात. छोटासा निरोप, "आहेस का?" एवढाच. उत्तर आलं नाही म्हणून लगेच कुणी सर्व्हर भंगारात काढत नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून पिंग करणं बंदही करत नाही. ठरलेल्या वेळाने पुन्हा विचारतात. यंत्राच्या बाबतीत ही चिकाटी आपण न कंटाळता पाळतो. माणसाने दोन मेसेजना उत्तर दिलं नाही की मात्र म्हणतो, "त्यालाच बोलायचं नसेल, जाऊ दे."

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मुक्ताई अभंगांत म्हणते काय? संत कसा असावा, त्याने लोकांचे कडू बोल कसे सोसावेत, जग तापलं तरी आपण गार राहावं, अशा अर्थाचं. हा उपदेशच झाला की! मग "सावर स्वतःला" म्हणणाऱ्या काकांमध्ये आणि मुक्ताईमध्ये फरक काय?

मला दोन फरक दिसतात. पहिला, मुक्ताई त्याच जखमेची वाटेकरी होती. ज्या बोलण्यांनी माऊलींना लागलं, ती बोलणी तिनेही खाल्ली होती. तिचा शब्द वरून येत नव्हता, शेजारून येत होता. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. माऊलींना अपमानाचं दुःख होतं, राग होता. तो आजार नव्हता. अपमानाने दुखावलेल्या माणसाला "तू कोण आहेस हे आठव" असं म्हटलं तर बळ येतं. पण डिप्रेशनमध्ये असलेल्या माणसाला तेच वाक्य टोचू शकतं, कारण आपण पूर्वी कोण होतो हे त्याला आठवतच असतं, आणि आता तसं होता येत नाही हीच तर त्याची तडफड असते. म्हणून मुक्ताईचे शब्द जसेच्या तसे उचलून कुणावर फेकू नयेत. तिच्याकडून शिकायचं ते तिचं थांबणं.

आणखी एक गोष्ट. घरात निवृत्तिनाथ होते. मोठे बंधू, आणि माऊलींचे गुरू. आपल्या त्र्यंबकेश्वरला त्यांची समाधी आहे. अधिकार बघायचा तर ताटी त्यांनी वाजवायला हवी. पण ही गोष्ट आठवली जाते ती सगळ्यांत धाकट्या मुक्ताईच्या नावाने. हाक मारायला पदवी लागत नाही. उपचार करायला मात्र लागते. या दोन गोष्टींची आपण सारखी गल्लत करतो. एक तर आपण डॉक्टर नाही म्हणून हाकही मारत नाही, नाहीतर हाक मारता मारता स्वतःच डॉक्टर होऊन बसतो.

एका दाराबाहेरची मेथी

माझ्या एका भावाचं (जवळच्या नात्यातला, त्याला विचारून लिहितोय, नाव अर्थातच नाही) काम सुटलं आणि तो नाशिकला घरी आला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, दमलाय, झोपू दे. मग महिना झाला. ताट खोलीबाहेर ठेवायचं, अर्धं परत यायचं. घरात दोन पक्ष पडले. काका म्हणायचे, लाड बंद करा, आपोआप उठेल. आजी म्हणायची, त्याला त्र्यंबकला नेऊन आणा.

त्याच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, वाद घातला नाही. ती रोज संध्याकाळी मेथीची जुडी नाहीतर तांदळाचं ताट घेऊन त्याच्या दाराबाहेर जमिनीवर बसायला लागली. निवडत निवडत बोलायची. शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झाली, गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय म्हणे. तिने कधी प्रश्न विचारला नाही, उपदेश केला नाही. सात-आठ दिवसांनी आतून आवाज आला, "छातीपर्यंत येईल का गं?"

त्यानंतर काही दिवसांनी तिने सरळ विचारलं, "जगावंसं वाटतं ना रे तुला?" घरातले सगळे नंतर तिच्यावर चिडले, असं कुणी विचारतं का, नसलेला विचार डोक्यात घालशील. पण जाणकार सांगतात ते उलट आहे. आत्महत्येबद्दल काळजीने, थेट विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. बहुतेकदा माणसाला सुटल्यासारखं वाटतं, की अखेर कुणीतरी विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रात्री नाही वाटत."

त्या रात्री मावशी त्याच्या खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी ती त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीने मळमळायचं, ती बदलावी लागली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आज तो पूर्ण बरा आहे असं मी लिहिणार नाही. काही दिवस चांगले असतात, काही नसतात. दार मात्र आता बहुतेक वेळा अर्धं उघडं असतं.

आजीला वाईट वाटलं, की देवावर सोडायचं सोडून गोळ्या. मावशीने तिला एवढंच विचारलं, "आई, पोथी वाचायला तुम्ही चष्मा लावता ना?" आजी हसली. चष्मा लावला म्हणून पोथीवरची श्रद्धा कमी होत नाही. अक्षर दिसायला लागतं एवढंच.

मग उत्तर काय?

एकटं सोडणं हा मान की सोय, हे ठरवायला मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. कुणाला एकटं सोडून मी वळतो, तेव्हा मला काय वाटतं? सुटलो असं वाटलं, तर ती माझी सोय होती. आणि मन त्याच्या दारापाशी रेंगाळत राहिलं, उद्या पुन्हा येईन असं ठरवूनच पाय निघाले, तर तो त्याचा मान होता.

याला एक अपवाद आहे, तो स्पष्ट लिहितो. जिवाला धोका वाटत असेल तर ताटीबाहेर थांबण्याची वेळ संपली. तिथे मान, संकोच, लोक काय म्हणतील, सगळं बाजूला ठेवून माणसासोबत राहायचं आणि लगेच मदत आणायची. एरवी मात्र प्रौढ माणसाच्या उपचारांचा निर्णय त्याचाच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा हक्कही दिलाय आणि गोपनीयतेचाही. त्यामुळे "आमच्या अमक्याला डिप्रेशन आहे हो" हे सत्संगात प्रार्थनेसाठी म्हणूनसुद्धा त्याला न विचारता सांगू नये.

आणि ताटीबाहेर बसणाऱ्यांनो, तुम्हीही दमता. मुक्ताईला अभंग होते, मावशीला मेथी होती. तुम्हालाही कुणीतरी हवं. एकट्याने कुणाला वाचवायचा पण करू नका. गीतेत अठराव्या अध्यायापर्यंत बोलून झाल्यावरही श्रीकृष्ण शेवटी म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. मग पुन्हा विचारतात, तुझा मोह गेला का? निर्णय त्याच्यावर सोडतात, पण विचारपूस सोडत नाहीत. आपल्यालाही यापेक्षा जास्त जमणार नाही आणि यापेक्षा कमी पुरणार नाही.

आजचा संकल्प

१. मनात येणारं पहिलं नाव, जे बऱ्याच दिवसांत दिसलेलं नाही, त्याला आज फोन करा. सल्ला न देता दहा मिनिटं ऐका. फोन उचलला नाही तर परवा पुन्हा करा.

२. ताटीच्या आत तुम्ही स्वतः असाल, तर पूर्ण दार उघडायची गरज नाही. एका माणसाला एवढंच कळवा, "बरं नाहीये." जप होत नसेल तर होऊ दे न होवो, देव हजेरी घेत नाही.

३. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

विठ्ठला, ज्यांना आज ताटी उघडवत नाही, त्यांच्या दाराबाहेर कुणालातरी बसव. आणि ते कुणीतरी मी असेन, तर मला लवकर उठू देऊ नकोस.

राम कृष्ण हरि.